तिसऱ्यांदा फुटलेली पाइपलाइन

पाइपलाइन तिसऱ्यांदा फुटली, आणि माझा लॅपटॉप सांगत होता की ती फुटूच शकत नाही.

"मॅडम, तुमच्या ग्राफमध्ये सगळं झकास दिसतंय," कार्यकारी अभियंता कदमसाहेब फोनवर म्हणाले. "तिकडं हिराबाईच्या अंगणात पुरुषभर खड्डा पडलाय."

मी कराडला इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते. अधूनमधून कुणाचं तरी अडलेलं काम माझ्याकडे येतं. ही उपसा सिंचनाची योजना होती. नदीचं पाणी पंपाने उचलायचं आणि लोखंडी पाइपातून वडूजकडच्या माळावर चढवायचं. वीज गेली की पंप बंद पडायचे आणि पाइप दर वेळी एकाच ठिकाणी फुटायचा, हिराबाईंच्या वस्तीपाशी. मेंढरं राखून थोडी शेती करणारं ते कुटुंब. दुसऱ्या वेळी मेंढरांचा वाडा वाहून गेला. तिसऱ्या वेळी घराची मागची भिंत गेली. चौथ्या वेळी काय जाईल, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आणि सोमवारी पुन्हा पंप सुरू व्हायचे होते.

पंप थांबला म्हणून पाणी लगेच थांबत नाही. चढावर निघालेलं पाणी तसंच पुढे जातं, मागे पोकळी पडते, मग ते उलटं फिरून पोकळीवर आदळतं. याला वॉटर हॅमर म्हणतात. दाब आणि वेग जागोजागी, क्षणोक्षणी बदलत असतात, म्हणून दोन पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स एकत्र सोडवावी लागतात. घाबरू नका. दाबाची बातमी पाइपातून सेकंदाला साधारण किलोमीटरभर पळते, आणि कुठल्याही जागी वरची आणि खालची बातमी एकत्र आली की तिथला दाब कळतो, एवढं पुरे.

वाटेत, वस्तीच्या जरा वर एक उंचवटा होता. तिथे एअर व्हॉल्व्ह होता. दाब पडला की बाहेरची हवा आत घेणारी ही झडप. हवेची गादी तयार झाली की पाणी जोरात आदळत नाही. ड्रॉइंगमध्ये तो होता, म्हणून माझ्या मॉडेलमध्येही होता.

मी घर्षण बदलून पाहिलं, लहरीचा वेग बदलून पाहिला. घरभर येरझाऱ्या घातल्या. "जरा बस की," नवरा म्हणाला, तर त्याच्यावरच खेकसले. शेवटी वैतागून मॉडेलमधला एअर व्हॉल्व्हच उडवला. ग्राफने एकदम उसळी मारली, आणि ती बरोब्बर हिराबाईंच्या अंगणात.

"साहेब, तो एअर व्हॉल्व्ह चालतोय का?"

"नवा कोरा आहे. मी स्वतः उभं राहून बसवून घेतलाय."

"त्यानंतर बघितलात?"

"उद्या सकाळी बघायला जाऊ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही उंचवट्यावर गेलो. व्हॉल्व्ह कुठेच दिसेना. तिथे होता टाइल्स बसवलेला, रंगीत कळस काढलेला कट्टा. माळावर पहिलं पाणी आलं तेव्हा गावाने जलपूजन केलं होतं. पाहुण्यांना उभं राहायला उंच जागा हवी होती, आणि व्हॉल्व्हचं चेंबर आयतंच मिळालं. वर स्लॅब टाकला, फटी सिमेंटने लिंपल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आनंदाच्या भरात त्यांनी पाइपाचं नाक दाबून ठेवलं होतं.

"कट्टा फोडायचा न्हाई," सरपंच बापू म्हणाले. "लोक हितं नारळ फोडत्यात, मॅडम."

कदमसाहेबांनी मधला मार्ग काढला. "बाजूला चार भोकं पाडली तर?"

"जेवढी हवा लागते तेवढं भोक पाडलं तर कट्टा उरायचा नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आणि मला तो उतरवायचाही नव्हता.

तेवढ्यात जमलेल्या लोकांतून हिराबाई पुढे आल्या. "आवं बापू, माजी भित पडली तवा कुनी नारळ फोडला न्हाई. फोडा की ह्यो कट्टा!"

बापूंनी चप्पल काढली, कट्ट्याच्या पाया पडले आणि मागच्या माणसाला म्हणाले, "आन रं घन."

सोमवारी चाचणी ठरली. पंप मुद्दाम एकदम बंद करायचे. मी पंपहाउसला थांबणार होते, पण हिराबाई घराच्या ओट्यावरून उठेनात. फोनवर म्हणाल्या, "तुमी तिकडं लांब, आन् मला म्हंता भ्यू नगा."

मग मीच वस्तीवर गेले. त्यांना हाताला धरून वरच्या बांधावर नेलं. माणसं आणि मेंढरं हलवली, पण घर कुठे हलवणार? माझ्या हिशेबात दहा टक्के इकडे तिकडे होतं. वर्गात तेवढ्या चुकीला मी पैकीच्या पैकी गुण देते. त्या बांधावर मी तोच हिशेब मनात पुन्हा पुन्हा तपासत होते.

"पंप ट्रिप करू?" फोनवर कदमसाहेब.

"करा."

उंचवट्याकडून एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला. व्हॉल्व्हने हवा ओढली. मग जमिनीत दबका धक्का बसला. हिराबाईंनी माझं मनगट आवळलं. आम्ही कितीतरी वेळ अंगणाकडे बघत राहिलो. काहीच झालं नाही.

"आता न्हाई न्हवं फुटायचा?"

"व्हॉल्व्ह मोकळा राहिला तर नाही."

"मग त्येच्यावर ध्यान ठिवाय पायजे."

चेंबरवर लोखंडी जाळी बसली. माझा रिपोर्ट फाइलला लागला. समीकरणं सोडवताना टोकाला आणि अधेमधे काय चालू आहे, याची अट घालावी लागते. तिला बाउंडरी कंडिशन म्हणतात. ती चुकली की बाकीचं सगळं बरोबर सोडवूनही उत्तर चुकतं. कागदावर ती एका ओळीत बसते. माळावर ती कुणीतरी रोज पाळावी लागते.

पुढच्या जलपूजनाच्या सकाळी बापूंचा फोन आला. मांडववाले जाळीवर फळ्या टाकून स्टेज करायला निघाले होते. हिराबाईंनी भोवती सगळी मेंढरं आणून उभी केली होती आणि स्टेज हलवल्याशिवाय हलणार नाही म्हणत होत्या.

"पाव्हणं यायची येळ झाली, मॅडम," बापू वैतागून म्हणाले. "तुमी काय शिकवून ठिवलंय ह्या बाईला?"

"बाउंडरी कंडिशन," मी म्हणाले.