चढणीला साहेब उतरतात

कल्याण स्टेशनावरून शहाडच्या कारखान्यावर मी एका जर्मन साहेबांना टांग्यातून नेत असे. कारखान्याची मोटार होती, तरी त्यांना टांगाच हवा असायचा. आणि वाटेत चढण आली की साहेब खाली उतरायचे, घोडीच्या बरोबरीने पायी चालायचे, माथ्यावर पुन्हा माझ्याशेजारी बसायचे.

अड्ड्यावर टांगेवाले हसायचे. ‘काय पाव्हणं, साहेब घोडीला फिरायला नेतात, तुम्ही कशाला जाता संगती?’ मी साताऱ्याकडचा, चौथीतून शाळा सोडलेला. मला हसू यायचं नाही, धडकी भरायची. टांगा मालकाचा, तबेल्यामागची खोली मालकाची, आणि त्या खोलीत माझी बायको नुकती गावाहून आलेली. मालकाने बजावलेलं, ‘लोक म्हणतात याची घोडी मरतुकडी, म्हणून साहेब चालतो. परत चालताना दिसला तर टांगा सोडायचा, खोलीही.’

मी साहेबांपुढे हात जोडले. बसून राहा म्हटलं. ते हिंदुस्थानी छान बोलायचे. चालता चालताच त्यांनी सांगितलं.

त्यांच्या वडिलांची गावंच्या गावं होती. जर्मनी पहिली मोठी लढाई हरल्यावर त्यांच्याकडची फौज आटली, घोडदळ थोडकं उरलं, तरी ते त्यातच अधिकारी झाले. घरी बूट काढायला नोकर. फौजेत मात्र रीत अशी, की चढणीला सगळ्यांनी उतरायचं, अधिकाऱ्याने सगळ्यांच्या आधी. घोड्यांना पाणी मिळेपर्यंत माणसांनी प्यायचं नाही. शर्यती, उड्या, चांदीच्या ताटांतलं जेवण, अशी काही वर्षं बरी गेली. मग तिकडे नवी राजवट आली. पलटणीतल्या घोड्यांचा डॉक्टर यहुदी होता. त्याला पंगतीला बसवायचं नाही, असा हुकूम निघाला. साहेबांनी त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि सगळ्यांदेखत जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. मग इकडे एका संस्थानात घोडे तयार करायला आले, तर दुसऱ्या लढाईत इंग्रजांनी जर्मन म्हणून तारेच्या कुंपणात टाकलं. सुटल्यावर या कारखान्यात लागले.

‘वाईट वाटलं असेल,’ मी म्हणालो.

‘घोडे सोडताना वाटलं,’ ते म्हणाले. ‘चढणीला मी उतरणार. तुझ्या मालकाला तसं सांग.’

मी सांगितलं. मालक खवळला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः मागच्या बैठकीवर येऊन बसला.

चढण आली. साहेब उतरले.

‘हाक तू. थांबू नकोस,’ मालक म्हणाला.

लगाम धरून मीही खाली उतरलो.

‘अरे, तू कुठे निघालास?’

‘पायी, मालक. तुम्हीपण उतरा.’

तो काही उतरेना. पण पुढचं वजन गेलेलं, मागे त्याचं भलंथोरलं अंग. टांगा उलाळ व्हायला लागला, दांड्या वर उठल्या, तसा तो शिव्या देत खाली आला. तिघं घोडीबरोबर चढलो, मालक धापा टाकत. येणाऱ्या-जाणाऱ्या टांगेवाल्यांनी बघितलं. माथ्यावर साहेबांनी त्याला हाताने खूण केली, आधी तुम्ही बसा.

घरी येऊन मी बायकोला भांडी बांधायला सांगितलं. तेवढ्यात मालक तबेल्यात आला. घोडीच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला.

‘उद्या साहेबांना वेळेवर ने,’ एवढंच म्हणाला.

टांगा राहिला, खोलीही राहिली. साहेबांचे उपकार मी विसरलो नाही. पुढे ते नसतानाही चढणीला मी उतरायचो, बसलेल्यालाही उतरवायचो. कोणी चिडलंच तर म्हणायचो, अड्ड्यावर दुसरे टांगे आहेत.