महिपतीआबांचं ‘व्हय’

आमच्या कळस गावात म्हणतात, महिपतीआबांनी दारूच्या नशेत गावाचं गायरान घालवलं. मीही म्हणायचे, तेही थेट आबांच्याच आवाजात: मान खाली, हात जोडलेले, “व्हय सायेब, व्हय!” वर्ग लोळायचा.

खोटं आहे ते. आबांनी दारू कधी शिवलीही नाही. तेव्हा ते पंच होते, आणि त्यांची दोनशे मेंढरं त्याच गायरानात चरायची. गायरान देऊन टाकायचा कागद आला तो इंग्रजीत. कागद आणणाऱ्या साहेबानं विचारलं, “समजलं ना?” चारचौघांत ‘न्हाय’ म्हणायची लाज वाटली. आबांनी सही केली. महिन्यात तारेचं कुंपण पडलं, वर्षात मेंढरं विकली. नशेची गोष्ट गावानं रचली, आबांनी खोडली नाही.

“न समजता व्हय म्हननाऱ्यापरीस पिलेला बरा, असं वाटायचं,” ते मला म्हणाले.

आबांनी हे मला सांगायचं कारण म्हणजे बारामतीची वक्तृत्व स्पर्धा. विषय होता, ‘देशाने कारभाराची भाषा वेगळी निवडली असती तर?’ मी त्यात आबांची नक्कल घुसवली होती आणि तालीम करताना त्यांनाच सापडले.

“परवा छकुलीनं तुझी ती ‘व्हय सायेब’ची नक्कल करून दावली,” आबा म्हणाले. “माझ्या नातीनं. मलाच.”

नकलेसाठी जोडलेले हात मी पटकन सोडले.

“देशाचं मला काय ठावं न्हाय. कागद आपल्या बोलीत असता, तर मी न्हाय म्हनालो असतो. गायरान ऱ्हायलं असतं.”

“मी विचारलं असतं, आबा! अकरावी सायन्सला हाय मी.”

“लाव पैज. इंग्रजी कागद म्होरं आला की तू बी न वाचता सही करशील. हरलीस तर नक्कल बंद, आन् स्टेजवर खरं सांगायचं.”

“आणि तुमी हरला तर?”

“तर मीच तुला व्हय सायेब करून दावीन.”

स्पर्धेला आबा धुतलेलं धोतर नेसून माझ्यासोबत एसटीनं आले. नोंदणीच्या टेबलावर चार पानी इंग्रजी फॉर्म. मागं रांग ढकलतेय, समोर मॅडम पेन पुढं करतायत. “अंडरस्टुड ना?”

“येस मॅडम, येस.” सही करताना मानही खाली गेली होती.

वळले तर मागं आबा. हसले नाहीत.

“काय लिव्हलं हुतं, पोरी?”

एक ओळ सांगता आली नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले आणि माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, “महिपतीआबा प्यायलेले नव्हते.”