खुर्चीवाल्याचा हात

मशीनमामांनी आमच्या कॉलनीला वर्षानुवर्षं सिनेमे दाखवले, पण स्वतः बसून एकही पाहिला नाही. सगळी कॉलनी पडद्याकडे डोळे लावून बसलेली असायची आणि मामा मशीनवर वाकलेले. पट्टी कुठं ताणतेय, जोड कुठं सुटायला आलाय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. तिकडे नायकाची आई मरो की बहीण हरवो, यांचं चित्त रिळात. "बघणाऱ्यानं सिनेमा बघावा, दाखवणाऱ्यानं मशीन बघावं," असं ते म्हणत. हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तोही ज्या माणसासाठी मोडायचा होता ते माणूस गेल्यावर.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन नाशिक रोडला आले. मामा एका कारखान्यात वायरमन होते आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहत. कॉलनीच्या मंडळाकडे सिनेमाचं एक जुनं मशीन होतं, ते फक्त त्यांनाच जमायचं, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मशीनमामाच म्हणत. माझ्या सासूबाईंना ते ताई म्हणत, त्यामुळे मी त्यांची सूनबाई झाले. दोन खोल्यांमध्ये एका विटेची भिंत होती. त्यांच्या घरातलं सगळं आम्हाला ऐकू यायचं, आमचं त्यांना, आणि ऐकू येत नाही असं दोघंही दाखवायचो.

जयंतीला, बुद्धपौर्णिमेला आणि एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी विहारासमोरच्या मैदानात दोन बांबूंना पांढरं कापड बांधलं जाई. मशीन पुढच्या बाजूला. पुरुष पुढून बघत, आम्ही बाया मागून. कोरड्या कापडावर मागून चित्र फिकट दिसतं, म्हणून मामा खेळाआधी बादली घेऊन येत आणि हातानं पाणी शिंपडून कापड ओलं करत. पुढच्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. ते पाणी बेबीसाठी असे. तिच्या निमित्तानं आम्हालाही स्वच्छ दिसायचं.

बेबी ही मामांची एकुलती एक मुलगी, तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तान्ही असतानाच पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. मामांनी तिला जुन्या खोक्याच्या फळ्यांची एक खुर्ची करून दिली होती, रुंद हातांची, उंच पाठीची. खेळ असला की खुर्चीसकट उचलून ते तिला मैदानात आणत. पुढे ठेवलं तर उंच पाठीमुळे मागच्यांना दिसेना, कुरकुर व्हायची, म्हणून तिची जागा पडद्यामागे ठरून गेली. नव्या सुनेची जागाही तीच. मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसायचे.

सगळ्या खेळांत बेबीचं एकच रीळ आवडतं. मुंबईहून मागवलेल्या सिनेमाबरोबर ते चुकून आलं होतं. मामांनी परत पाठवलं तर आमचं नाही म्हणून ते पुन्हा आलं, आणि मग कॉलनीचंच होऊन गेलं. दहा मिनिटांचं, जुनं, रंगीत, मुकं. कुठल्यातरी परदेशी तळ्यात एक मोटरबोट दोर ओढतेय आणि पायांना फळ्या बांधलेल्या बायका-पुरुष त्या दोराला धरून पाण्यावर उभे. कुणी उतरणीवरून उडी मारतंय, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर चढतंय. पहिल्यांदा आम्ही बायांनी त्या पोहण्याच्या कपड्यांकडे बघून तोंडाला पदर लावले. पाचव्या-सहाव्या खेळाला सासूबाई म्हणाल्या, "आमच्या नाशकाच्या गंगेत आणा म्हणावं यांना उन्हाळ्यात. गुडघाभर पाण्यात फळ्या रुततील."

सगळ्यात शेवटी खुर्चीवाला यायचा. एक गोल फळी, तिच्यावर साधी लाकडी खुर्ची आणि खुर्चीत कोट-हॅट घातलेला माणूस. तो तळ्यावरून सर्रकन जायचा, पायावर पाय टाकून, आणि जाताजाता काठावरच्या लोकांना हात करायचा. बेबी तेवढ्यासाठी बाकीची नऊ मिनिटं काढायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, त्याला चालावंच लागत नाही, बघा." मी नुसता तिचा हात धरून ठेवला.

घरी गेल्यावर बापलेकीचं भांडण ठरलेलं. खुर्चीवाल्यानं डावा हात केला, असं बेबी म्हणायची. मामा म्हणायचे, उजवा. काम करता करता उडती नजर टाकून का होईना, त्यांनी तो हात शंभरदा पाहिला होता आणि त्या रिळातला जोडन् जोड त्यांच्या हातचा होता. मग त्यांना कोण शिकवणार? कुणी पाहुणा आला की ते कौतुकानं तिच्या डोक्यावर हात ठेवत आणि म्हणत, "आमच्या बेबीला सगळं कळतं. डावं-उजवं तेवढं नाय कळत." पाहुणे हसत. बेबीही आधी हसायची. मग हसेनाशी झाली.

मला मात्र डावाच हात दिसायचा. मी तिच्याच बाजूला तर बसत होते. पडद्यामागून सगळं उलटं दिसतं, एवढं मला कळत होतं. मामांना तरी काय माहीत नव्हतं? नावाच्या पाट्या मागून उलट्या दिसतात हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. पण ते मागे कधी बसलेच नव्हते. माणूस स्वतः जिथं बसत नाही, तिथून काय दिसत असेल हे त्याच्या डोक्यात येत नाही. आणि मी गप्प राहिले. नव्या सुनेनं शेजारच्या बापलेकीत तोंड कशाला घालायचं, असं वाटलं. या गप्प बसण्याला तेव्हा मी शहाणपण समजत होते.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून बेबीचा आवाज आला. "आबा, एकदा माझ्याजवळ बसून बघा ना. मग तुम्हीच सांगा."

"मशीन सोडून कसं बसू? जोड सुटून पट्टी दिव्यापुढं अडकली तर तुझा खुर्चीवाला जळून जाईल. पुढच्या जयंतीला बघू. कुणाला तरी शिकवतो."

मग बेबी म्हणाली, "बरं आबा. उजवा."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मामांना वाटलं, पोरीला पटलं. मला भिंतीतूनही कळलं की पटलेलं नाही, तिनं नुसतं सोडून दिलंय.

ती जयंती बेबीनं पाहिली नाही. थंडीत तिला ताप आला, छातीत कफ भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली. तेरावं लागलं होतं तिला. खुर्ची दाराशी तशीच राहिली. मामी रोज ती पुसायच्या, मामा तिच्याकडे न बघता कामावर जायचे. जयंतीला त्यांनी मशीन काढलं नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात आले आणि माझ्या नवऱ्याला, यांना, म्हणाले, मशीन चालवायला शिकवतो, चल. तासाभरात यांना जमलं. तासाभरात. मामा तिथंच ओट्यावर बसून राहिले. एवढंच काम होतं, एवढंच, असं स्वतःशी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं कापड ओलं केलं. मग खुर्ची उचलून आणली, पडद्यामागे नेहमीच्या जागी ठेवली आणि स्वतः तिच्यात बसले. बायांनी सरकून जागा दिली. बोट आली, उड्या झाल्या, खुर्चीवाला आला. पायावर पाय टाकून तो पाण्यावरून गेला आणि जाताजाता त्यानं हात केला.

मामा हळूच म्हणाले, "डावा."

रीळ संपलं. कापडावर नुसता उजेड राहिला. मामांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

पुढे महिनाभर ते भेटेल त्याला सांगत, बेबी बरोबर होती. लोक समजूत घालत, अहो मामा, मागून उलटंच दिसणार. मामा मान हलवत. त्यांना कारण नको होतं. चार लोकांत त्यांनी तिचं हसं केलं होतं, म्हणून चार लोकांतच ते सांगत होते. मशीनला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. यांनीच काही वर्षं ते चालवलं, मग घरोघरी टीव्ही आले आणि बांबू बांधायचं कारणच उरलं नाही.

निवृत्त झाल्यावर मामा-मामी सिन्नरकडे गावी निघाले. सामान टेम्पोत चढलं. मी पाया पडले आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं सांगून टाकलं. म्हटलं, "मामा, मलाही डावाच दिसायचा. मी तिच्या शेजारीच होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तेव्हा सांगायचं होतंस, सूनबाई," ते म्हणाले. "तुझं मी ऐकलं असतं."

टेम्पो निघाला. टपावर सगळ्या सामानाच्या वर ती खुर्ची बांधली होती, सरळ उभी, तोंड आमच्याकडे. वळणापर्यंत ती दिसत होती.