कानडी शिकायला नाट्याला

विहीणबाई पंधरा दिवसांत यायच्या होत्या. त्यांना मराठीचा गंध नाही, मला कानडीचा. मुलांच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तरी फोनवर आम्ही दोघी नुसत्या हसतो आणि फोन मुलांच्या हाती देतो. यंदा त्या आठ दिवस राहणार. आठ दिवस नुसतं हसून कसं निभायचं? वहीत दोनशे शब्द उतरवून घोकले, पण सकाळचा शब्द दुपारी पसार. शेवटी पिशवी उचलली. नाटे गावी माझी मावसबहीण इंदू राहते आणि तिची सून नागवेणी कानडी मुलखातल्या होन्नावरची.

आमच्या मांडवीहून रिक्षाने स्टँड, पुढे पावस गावावरून जाणारी एसटी. बायकांना अर्धं तिकीट. उजवीकडची खिडकी धरा, समुद्र अधूनमधून डोकावतो. वळणं फार, आलेपाक जवळ असू द्या.

नागवेणीने पोचल्यापोचल्या माझी वही फडताळात टाकली. "मावशी, स्वयंपाक तुम्ही करा. हवं ते कानडीत मागा. मी सांगणार नाही."

"पाहुणीला राबवतेस गो?" इंदू म्हणाली, पण पाटावरून हलली नाही.

नीरू म्हटलं, पाणी मिळालं; मीनू म्हटलं, मासे मिळाले. बांगड्याचं तिखलं रटरटू लागलं आणि मिठाचा शब्द काही आठवेना. कपाळ चोळलं, छताकडे पाहिलं. नागवेणी बरणी मांडीवर घेऊन स्वस्थ. शेवटी अळणीच वाढलं. भावोजींनी मीठ मागितलं, तर इंदू माझ्याकडे बोट करून म्हणते, "माझ्याकडे नको, हिच्याकडे मागा."

संध्याकाळी बंदरावर गेलो. दोन बायका सुकवायच्या माशांना मीठ चोळत होत्या. "उप्पु," मी एवढ्या मोठ्यानं बोलले की त्या हात थांबवून बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण चवीचं झालं. परतीच्या एसटीत मोजले, वीसेक शब्द जमले होते. वहीतले बाकीचे गेले ते गेलेच. पण ज्यांच्यासाठी डोकं शिणवलं, ते बोलावल्यासरशी हजर होत होते.

विहीणबाई आल्या. मी "ऊटा आय्ता?" म्हणून जेवण झालं का ते विचारलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. दुपारी ओट्याशी मला नारळ हवा होता आणि शब्द अडला. मुलगा बाहेरून सांगू लागला, त्याला मी हाताने थांबवलं. मला काय हवंय ते विहीणबाईंना ठाऊकच होतं. त्यांनी हसू लपवायला पदर तोंडावर धरला आणि गॅस बारीक करून माझ्यासाठी थांबल्या.