आसरेच्या लग्नाचा कौल

सेजल माझी पोलादपूरच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. मूळची कुडपणची, तिशी उलटलेली, बिनलग्नाची. महाडच्या बाजारात ब्लाउज शिवते आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर भागाभागाने कादंबरी लिहून टाकते. कादंबरीची नायिका आवडी ही सावित्री नदीच्या डोहातली आसरा, म्हणजे पाण्यातली देवता. दिवसा साड्या विकते, संध्याकाळी पोरींना छेडणाऱ्यांना नदीत बुचकळून काढते. एवढी ताकद, आणि जीव कुणावर? एमआयडीसीतल्या ओंकारवर. लग्नाचं काढलं की तो आईला विचारून सांगतो म्हणतो. दीड वर्ष विचारतोय.

शुद्धलेखन मी तपासते, म्हणून शेवट मला आधी कळला. आवडी त्याला सोडणार होती. फार उशीर केलास, एवढंच मी सेजलला म्हटलं.

कुडपणला शेजारची सून हे भाग मोठ्याने वाचते आणि बायका भांडी तशीच टाकून ऐकतात. शेवट कसा होणार हे सेजलकडून कळल्यावर तिची आई रंगूबाई बिथरली.

"आसरेला अशी बिनलग्नाची अर्ध्यात ठेवतात काय गो? कोपली तर गावचा झरा आटेल."

"आई, ती मीच बनवलेली हाय."

"म्हंजे तुझी लेक झाली. लेकीचं लगीन आईनंच लावायचं."

रंगूबाई तडक देवळात गेली. आवडीचं ओंकारशी लग्न लावायचं का, असा कौल मागत भिकू गुरवाने देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. उजवी पडली.

सेजल माझ्या ओटीवर येऊन रडली. "बाई, त्या नेभळटाशी तिचं लग्न लावू? नाही लावलं तर आई घरात घेणार नाही."

"देवाला अर्धंच विचारलंय," मी म्हटलं. "पुढचं तू जाऊन विचार."

रविवारी ती गेली. भिकूने गाव जमलेलं असताना गाऱ्हाणं घातलं: लग्न लागल्यावर आवडीने नवरा सोडला, तर देवाची हरकत नाय ना? नसली तर उजवी दे.

"असलं विचारतात होय रे?" रंगूबाई करवादली.

"विचारून झालं, काकी. आता गप बस," भिकू म्हणाला.

पाकळी बराच वेळ हलेना. मग उजवीच पडली.

सेजलने लग्न झोकात लावलं. रंगूबाईने घरोघर गूळ वाटला. पुढच्या भागात आवडी ओंकारला सोडून डोहात परतली. वाचणारी सून मधेच थांबली, सगळ्याजणी रंगूबाईच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"बघताय काय?" रंगूबाई म्हणाली. "लेक माहेरी आली. वाच पुढं."