रोमन पिनांवरचा ओरखडा

दुबईच्या अल क्वोज भागातल्या त्या गोदामातली दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी तेव्हा मुंबईत गुन्हे शाखेत होतो. एका ओतशाळेत नव्या पितळी पिना ॲसिड लावून जुन्या केल्या जातात, अशी खबर मिळाली. छाप्यात ओतशाळेचा मालक सापडला. माल दुबईत त्याच्या थोरल्या भावाकडे जात होता. रीतसर परवानगी घेऊन मी तिथे, त्याच्या गोदामात गेलो.

थोरला सुशिक्षित, बायकामुलांसह शारजात राहणारा. रोमन सैनिक झगा खांद्यावर अडकवायला वापरत त्याच या पिना, असे सांगून तो त्या युरोपातल्या ग्राहकांना विकत असे. प्रत्येक पिनेच्या माथ्यावर घडवणाऱ्याचे नाव लॅटिन अक्षरांत उमटवलेले. रोमन सरहद्दीवरच्या छावण्यांत अशा नावाच्या पिना खरोखरच सापडतात, म्हणून ग्राहक विश्वास ठेवत. एक खेप जबल अली बंदरात जहाजावर चढायच्या बेतात होती. पुराव्याशिवाय ती रोखता येणार नव्हती.

माझ्यासोबतच्या स्थानिक पोलीस अधिकाऱ्याला हिंदी उत्तम येई. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला थोरला शांतपणे उत्तर देत होता. मी दोन पिना भिंगाखाली शेजारी धरल्या. दोन्हींवर नावाच्या तिसऱ्या अक्षरावरून सारखाच तिरपा ओरखडा गेलेला.

"ठसा एकच असला की दोष सारखाच येणार, साहेब," तो म्हणाला.

"अक्षराचा दोष येईल. हा ओरखडा पिन वापरताना पडलेला आहे. तो दोन्हींवर कसा?"

आणखी पिना काढल्या. सगळ्यांवर तोच ओरखडा. एका अस्सल पिनेचा साचा घेऊन साऱ्या ओतल्या होत्या. स्थानिक अधिकारी "खलास" एवढेच म्हणाला आणि बंदरावर फोन करून त्याने खेप थांबवली.

आता फसवणूक कोणाची, हे ठरायचे होते. धाकट्याने मुंबईत जबाब दिला होता, की सगळे त्याचेच कृत्य, दादाला माल खराच वाटत होता. ते मी थोरल्याला सांगितले. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी तो त्या संध्याकाळी घरी जाऊ शकला असता. एसी चालू असूनही त्याची कॉलर घामाने भिजली होती.

"तो खोटं बोलतोय," अखेर तो म्हणाला. "जुन्या दिसणाऱ्या नकला म्हणूनच विकतो, असं मी त्याला सांगत आलो. त्याला सोडा."

पुढच्या तपासात ते खरे ठरले. धाकटा सुटला, थोरल्याला दुबईत शिक्षा झाली.

माणूस कुठे खोटे बोलतो, हे हेरण्यात माझ्या नोकरीची वर्षे गेली होती. तो कोणासाठी खरे बोलेल, हेही पाहावे लागते, हे मला त्या गोदामात कळले. सुटल्यावर धाकटा मला भेटायला आला. मला वाटले, आभार मानायला आला असेल. दादाला भेटायला दुबईला कसे जाता येईल, एवढेच त्याने विचारले.