बारा मिनिटं

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना एचआयव्हीचा रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या एक मॅडम होत्या. नाव विचारायची माझी हिंमत झाली नाही. गळ्यात दोरीला चष्मा, आणि बाई आत आली की दार स्वतः उठून लावायच्या.

मी बाहेर बाकावर घड्याळ लावून बसलो होतो. हिरव्या साडीतल्या एकीला आत बारा मिनिटं लागली. "काहीतरी निघालं असन," मी शेजारच्या माणसाला शहाणपणानं सांगितलं. मग माझी बायको आत गेली. दहा मिनिटं झाली, अकरा झाली, मी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

बाराव्या मिनिटाला दार उघडलं. "मॅडम, इतका वेळ काहून?" मी धडपडत उठलो.

त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, रिपोर्ट कसाबी असो, मी साऱ्यायले सारखाच वेळ बसवते. बाहेर तुमच्यासारखे मोजून राहिले ना! चला, आता तुमची तपासणी."

माझं रक्त घेतलं, रिपोर्ट आल्यावर मी आत गेलो आणि बरोब्बर बारा मिनिटांनी बाहेर आलो. शेजारचा माणूस घड्याळातून मान वर काढून माझ्याकडे बघत होता.

आमच्या दोघांचं काय निघालं, ते मी त्याला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.